जुन्या डिझेल गाडीला आधी काटे बसवा, मग बायोडिझेलचं बघा

कसारा घाट चढताना माझ्या ट्रॅक्सचं हेड गेलं तेव्हा टेंपरेचरचा काटा अगदी मधोमध होता. खालच्या होजचा क्लिप सैल झाला होता, पाणी सगळं रस्त्यावर गेलं होतं, आणि काटा मात्र सांगत होता की सगळं ठीक आहे. कारण नंतर कळलं. सेंडर, म्हणजे काट्याला आकडा पाठवणारा इंजिनावरचा सेंसर, पाण्यात बुडालेला असला तरच पाण्याचं तापमान सांगतो, पाणीच नसेल तर तो हवेचं तापमान सांगतो, आणि हवा लोखंडाइतकी लवकर तापत नाही. तेव्हापासून मी ठरवलं की गाडीत काय चाललंय हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय तिच्या इंधनाला हात लावायचा नाही. आजकाल बरेच जण विचारतात की बायोडिझेल टाकू का, तळणीचं तेल चालेल का, करंजाचं तेल चालेल का, आणि माझं उत्तर प्रत्येक वेळी तेच असतं, आधी काटे बसवा, महिनाभर आकडे लिहा, मग बोलू. ते काटे कसे बसवायचे आणि पुढे काय, हे सगळं एका जागी लिहितोय.

माझी गाडी म्हणजे जुनी टेंपो ट्रॅक्स, ओएम ६१६ इंजिन, २३९९ सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही. हे मूळ मर्सिडीझचं इंजिन, बजाज टेंपोने परवाना घेऊन इथे बनवलं. यात डिझेल आधी छोट्या प्रीचेंबरमध्ये पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं, त्यामुळे हे इंजिन इंधनाच्या बाबतीत बरंच सोशिक आहे. तुमची गाडी वेगळी असेल तर खालचं सगळं वाचा पण सगळंच करू नका, कुठे थांबायचं ते मी त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी आपलं इंजिन ओळखा

बॉनेट उघडा आणि पंप बघा. पंपावर चार लोखंडी पाइप एका रांगेत उभे असतील तर तो इनलाइन पंप, पाइप गोलाकार एकाच डोक्यातून निघत असतील तर रोटरी. जुन्या इनलाइन पंपाच्या खालच्या भागाला बहुतेक वेळा इंजिनचं ऑइल वंगण देतं, रोटरीला मात्र आतून जाणारं डिझेलच वंगण देतं, म्हणून इंधन बिघडलं की रोटरी पहिल्यांदा मार खातो. आणि पाइप एका जाड नळीतून म्हणजे रेलमधून निघत असतील तर ती कॉमन रेल गाडी. १३०० सीसीचं मल्टिजेट, डीडीआयएस वगैरे सगळी याच गटातली. कॉमन रेलवाल्यांनी काटे जरूर बसवावेत, तेलाचे प्रयोग मात्र अजिबात करू नयेत. बीएस ६ गाडीत डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ करायला इंजिन मधूनमधून जास्तीचं डिझेल फवारतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिझेल गरम ऑइलमधून बऱ्यापैकी उडून जातं, बायोडिझेल उडत नाही, तिथेच साचतं आणि ऑइल पातळ करतं.

कोणते काटे घ्यायचे

ऑइल प्रेशर, पाण्याचं टेंपरेचर, व्होल्टमीटर, सायलेन्सरच्या धुराचं तापमान म्हणजे ईजीटी, आणि इंधनाच्या लाइनचा एक काटा. टर्बो असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बो ढकलतो त्या हवेचा दाब. सगळे एकदम घ्यायची गरज नाही, पण ऑइल, पाणी आणि इंधन हे तीन आधी. अँपियरचा मीटर घेऊ नका, त्यातून गाडीचा सगळा करंट डॅशबोर्डमध्ये आणावा लागतो, जाड वायर, आणि वायरच्या टोकाचा एखादा लग सैल झाला की आग. व्होल्टमीटरला दोन बारीक वायरी पुरतात आणि तो तेच सांगतो. इंजिन चालू असताना साधारण १४ ते १४.४ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर बरा आहे.

विकत घेताना सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. काटा आणि सेंडर जोडीने घ्या. सेंडर म्हणजे प्रेशर किंवा तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारी वस्तू, आणि प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. व्हीडीओ पद्धतीच्या ऑइल प्रेशर सेंडरमध्ये शून्यावर १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला १८० च्या आसपास, अमेरिकन पद्धतीत उलटं, शून्यावर २४० आणि भरल्यावर ३३. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या काट्याला लावला तर इंजिन बंद असताना काटा वर आणि चालू केलं की खाली, आणि माणूस इंजिन उघडायला निघतो. बाजारात सुटा सेंडर "सगळ्याला चालतो" म्हणून देतात, नका घेऊ.

दुसरी गोष्ट आटे. १/८ एनपीटी आणि १/८ बीएसपी दिसायला सारखेच, पण एकाला इंचात २७ आटे आणि दुसऱ्याला २८. हाताने दोन-तीन फेरे सहज बसतात, मग अडतं, मग आपण पाना लावून दाबतो, आणि ब्लॉकचे आटे खलास. जुना स्विच काढून लेथवाल्याकडे घेऊन जा, तो पिच गेजने बघून सांगेल आणि पितळेचा ॲडॅप्टर बनवून देईल. हे काम अंदाजाने करायचं नाही.

वायरिंग

बॅटरीचा निगेटिव्ह काढून मगच सुरुवात. काट्यांना तीन फीड लागतात, एक किल्लीवर चालू होणारा, एक पार्किंग लाइटचा म्हणजे रात्री काटे उजळायला, आणि अर्थ. किल्लीचा फीड फ्यूज बॉक्समधून घ्या, टेस्ट लॅम्पने बघून घ्या की किल्ली बंद केल्यावर खरंच बंद होतो, आणि त्यात ३ अँपियरचा स्वतंत्र फ्यूज टाका. ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर पुरते. सगळ्या काट्यांचा अर्थ एका बोल्टला, आणि तो बोल्ट जिथे बसतो तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करा. काटे थरथरतात, इंडिकेटर दिला की हलतात, ब्रेक दाबला की पडतात, या सगळ्या तक्रारी बहुतेक वेळा खराब अर्थच्या असतात.

इंजिनकडून केबिनमध्ये वायर नेताना फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच. पत्र्याची धार सहा महिन्यांत वायर कापते आणि शॉर्ट नेमका रात्री होतो. वायरीला स्लीव्ह घाला, मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या गरम भागापासून, वीतभर तरी लांब ठेवा, आणि जोड पिळून टेप मारून नको, लग दाबून वर हीट श्रिंक.

ऑइल प्रेशर

केबिनमध्ये ऑइलची बारीक नळी नेणारा मेकॅनिकल काटा अचूक असतो हे खरं, पण नळी फुटली तर गरम ऑइल पायावर. मी सेंडरवाला घेतो. जिथे मूळचा ऑइल लाइटचा स्विच आहे तिथे टी बसवा, एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला सेंडर. लाल दिवा काढून टाकू नका. काट्याकडे तुमचं लक्ष नसेल तेव्हा दिवाच दिसतो.

सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. एक वायरवाल्या सेंडरचा अर्थ त्याच्या आट्यांतूनच ब्लॉकला जातो, टेप लावलं की अर्थ कच्चा आणि काटा खोटं बोलतो. आटे बरोबर असतील तर टेपची गरज पडत नाही, फार तर पहिले दोन आटे सोडून थोडं थ्रेड सीलंट. आणि जड सेंडर लांब टीवर लटकवू नका, डिझेलच्या थरथरीने पितळ तुटतं आणि सगळं ऑइल काही मिनिटांत बाहेर. छोटी जाड प्रेशर होज टाकून सेंडर बॉडीवर क्लॅम्प करा आणि त्याला वेगळी अर्थ वायर द्या. माझं पहिलं टी असंच तुटलं होतं, सुदैवाने वाड्याच्या अंगणात.

आकड्यांचं म्हणाल तर या इंजिनात गरम झाल्यावर आयडलला प्रेशर ०.३ बारपर्यंत खाली आलं तरी ते चालतं, पण ३००० आरपीएमला ३ बार पाहिजेच. नवीन काटा लावल्यावर आयडलचा आकडा बघून बरेच जण घाबरतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. तुमच्या इंजिनचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

पाण्याचं टेंपरेचर

सेंडर शक्यतो हेडमध्येच, थर्मोस्टॅटच्या म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या व्हॉल्वच्या आधी. रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये ॲडॅप्टर टाकायची पद्धत सोपी आहे, होज कापा, मध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा, दोन क्लिप, झालं. पण थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत तिथे गरम पाणी येतच नाही, आणि ॲडॅप्टर रबराच्या मध्ये असल्यामुळे त्याला वेगळी अर्थ वायर द्यावी लागते, नाहीतर काटा हलतच नाही.

बसवण्याआधी सेंडर तपासून घ्या. एका जुन्या पातेल्यात पाणी, सेंडर तारेने बांधून फक्त खालचं टोक बुडेल असा सोडा, सेंडरच्या अंगाला अर्थ वायर, काट्याला १२ व्होल्ट, आणि पातेल्यात एक साधा थर्मामीटर. मी नाशिकला करतो तेव्हा पाणी ९८ च्या आसपास उकळतं, समुद्रसपाटीपासून उंच असल्यामुळे. काटा ४० वर कुठे, ६० वर कुठे, ८० वर कुठे हे कागदावर लिहा. पाचेक अंशांचा फरक असला तरी चालेल, फक्त तो किती हे माहीत पाहिजे.

आता कसाऱ्याचा धडा. पाण्याच्या काट्यासोबत एक धातूचा सेंसर लावा, रिंगसारखा असतो, हेडवरच्या एखाद्या सहायक बोल्टखाली बसतो, हेड बोल्टला हात लावायचा नाही. तो पाण्याचं नाही, लोखंडाचं तापमान सांगतो, आणि पाणी गेलं की हाच ओरडतो. बझरवाला घ्या आणि रोजच्या चालवण्यात दिसणाऱ्या सर्वात वरच्या आकड्यापेक्षा १० अंश वर सेट करा. थर्मोस्टॅट ८० ला उघडणाऱ्या या इंजिनात पाणी ८० ते ९५ मध्ये राहिलं पाहिजे.

ईजीटी, म्हणजे धुराचं तापमान

हा काटा महाग वाटतो पण इंधनाचा प्रयोग करणाऱ्याला हाच सगळ्यात जास्त शिकवतो. सेंसर म्हणजे के टाइप थर्मोकपल, दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड, तापला की बारीकसं व्होल्टेज देतो. एका सिलिंडरच्या पोर्टजवळ नको, जिथे सगळे पोर्ट एकत्र येतात तिथे, टर्बो असेल तर टर्बोच्या आधी. टर्बोनंतर लावला तर आकडा शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतो, तसा लावला असेल तर ते लक्षात ठेवून वाचा.

मॅनिफोल्ड काढून बेंचवर भोक पाडणं सगळ्यात उत्तम. काढायचं नसेल तर ड्रिलच्या खाचांत ग्रीस भरा, थोडं थोडं पाडा, दर वेळी ड्रिल पुसा, टॅप मारताना पण ग्रीस, शेवटी चुंबकाची कांडी आत फिरवा. कास्ट आयर्नचा चुरा ग्रीसला चिकटतो. टर्बोवाल्यांनी यात घाई करू नये, एक कण टर्बाइनच्या पात्याला पुरतो, त्यांच्यासाठी मॅनिफोल्ड काढणं हाच रस्ता.

थर्मोकपलची वायर लांब करायची असेल तर साधी तांब्याची वायर चालत नाही, के टाइपचीच एक्स्टेन्शन वायर लागते. आणि रंगांनी फसू नका, अमेरिकन पद्धतीत पिवळी पॉझिटिव्ह आणि लाल निगेटिव्ह असते, तर युरोपियन पद्धतीत हिरवी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह. लाल म्हणजे प्लस समजून जोडलं की गरम झाल्यावर आकडा खाली जातो.

माझा नियम असा की ६५० अंशांवर सलग चढ चढायचा नाही, ७०० च्या जवळ आलं की गिअर खाली आणि पाय हलका. टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून रेटत राहिलं की तापमान चढतं, एक गिअर खाली घेतला की उतरतं, हे डोळ्यासमोर दिसायला लागलं की गाडी चालवायची सवयच बदलते.

इंधनाचा काटा

बायोडिझेलच्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच कोणी लावत नाही. इथे दोन प्रकार समजून घ्या. ज्या गाडीत पंप स्वतः फिल्टरमधून डिझेल ओढतो, बऱ्याच रोटरी पंपांचं असंच आहे, तिथे फिल्टर आणि पंपाच्या मध्ये व्हॅक्यूमचा काटा. फिल्टर चोकअप होत गेला की व्हॅक्यूम वाढतो. ट्रॅक्ससारख्या गाडीत फीड पंप फिल्टरच्या आधी असतो आणि तो डिझेल फिल्टरमधून ढकलतो, तिथे फिल्टरच्या नंतर प्रेशरचा काटा. चोकअप झाला की प्रेशर पडतं.

काटा बॉनेटखालीच ठेवा किंवा सेंडरवाला घ्या, डिझेलची नळी केबिनमध्ये आणायची नाही. बॅन्जो बोल्टच्या, म्हणजे इंधनाच्या नळीच्या जोडातल्या पोकळ बोल्टच्या, तांब्याच्या वॉशरी प्रत्येक वेळी नव्या टाका, जुनी वॉशर थेंबभर हवा ओढते आणि सकाळी गाडी एअर पकडते. बसवून झाल्यावर हँड प्राइमरने एअर काढा, फिल्टरच्या वरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत. नवीन फिल्टर टाकून, गाडी गरम करून, ३००० आरपीएमला जो आकडा येतो तो वहीत लिहा. पुढचं सगळं त्या एका आकड्यावरून ठरतं.

महिनाभर फक्त डिझेल

आता थांबा. महिनाभर रोजच्या रस्त्यावर, रोजच्या डिझेलवर चालवा आणि वहीत लिहा. आयडलचं आणि ३००० चं ऑइल प्रेशर, एका ठराविक चढावर ईजीटी, इंधनाचं प्रेशर, लिटरला किलोमीटर, सकाळी सेल्फ किती वेळ मारावा लागतो, धूर कोणत्या रंगाचा. याच काळात नोझल काढून पंपवाल्याकडे टेस्टरवर लावून घ्या, फवारा धुक्यासारखा पाहिजे, टोकाला थेंब लटकता कामा नये. आधीच टपकणारी नोझल असेल तर नंतर सगळा दोष बायोडिझेलला जातो आणि खरं दुखणं तसंच राहतं.

बायोडिझेल म्हणजे काय आणि काय नाही

तळणीचं तेल गाळून टाकीत ओतलं म्हणजे बायोडिझेल होत नाही, हा गैरसमज गावोगावी आहे. तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं की जे उरतं ते बायोडिझेल. फरक घट्टपणाचा आहे. ४० अंशांवर डिझेलचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक, बायोडिझेलचा ३.५ ते ५, आणि साध्या खाद्यतेलाचा ३० ते ४०. नोझलची भोकं डिझेलसाठी बनवलेली आहेत, त्यातून दहापट घट्ट तेल फवारलंच जात नाही, धार पडते. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाचं एक मॉडेल १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं हे खरं आहे, पण त्या इंजिनाचा वेग आणि आजच्या नोझल यांत जमीन-अस्मानाचा फरक.

घरी बनवू नका. मिथेनॉल विषारी आहे, वाफ आणि कातडी दोन्हीतून शरीरात जातं, डोळे जातात, आणि त्याची ज्योत दिवसा उजेडात दिसतसुद्धा नाही. शेडमध्ये ड्रम मांडून हे करणारे लोक आहेत, मला त्यांची खरंच काळजी वाटते.

विकत घ्या, पण कागद बघून. शंभर टक्के बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे आणि ६ ते २० टक्के मिश्रणासाठी आयएस १६५३१. विकणाऱ्याकडे त्या बॅचचा टेस्ट रिपोर्ट मागा, देत नसेल तर तिथून निघा. बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच काहीतरी स्वस्तात विकलं जातं, त्यात पंप गेलेल्या गाड्या मी पाहिल्यात. २०१८ पासून हॉटेलांना २५ टक्क्यांपेक्षा जास्त पोलर कंपाउंड, म्हणजे परत परत तळून तयार होणारे खराब घटक, झालेलं तेल परत तळायला वापरायला बंदी आहे, आणि असं तेल गोळा करून बायोडिझेल करायची रुको योजना त्याच वर्षी एफएसएसएआयने सुरू केली, त्यामुळे अधिकृत उत्पादक आता सापडतात.

घरच्या घरी एक चाचणी करा. काचेच्या बरणीत अर्धं बायोडिझेल, अर्धं पाणी, झाकण लावून दहा सेकंद जोरात हलवा आणि ठेवून द्या. चांगला माल अर्ध्या तासात वेगळा होतो, वर स्वच्छ पिवळं, खाली जवळजवळ स्वच्छ पाणी. मध्ये ताकासारखा पांढरा थर बसून राहिला तर साबण किंवा अर्धवट प्रक्रिया झालेलं तेल आहे, परत करा. पाणी आहे का बघायला लोखंडी पळी चांगली तापवून आचेवरून बाजूला घ्या आणि त्यात एकच थेंब टाका, तडतडला तर पाणी आहे. हे उघड्यावर करा, बरणी आणि कॅन लांब ठेवून.

टाकायचं कसं

आधी नळ्या बघा. जुनी रबरी इंधन नळी बायोडिझेलने फुगते आणि मऊ पडते. व्हायटॉन रबराच्या नळ्या घ्या, जोडांसाठी स्टील, आणि तांबं, पितळ, जस्त इंधनाशी कायम लागून राहील असं ठेवू नका, त्याने बायोडिझेल लवकर खराब होतं. जस्ताचा मुलामा असलेल्या कॅनमध्ये साठवायचं नाही.

मग ५ टक्के. ४० लिटर डिझेलमागे २ लिटर. टाकी अर्धी भरा, बायोडिझेल ओता, मग उरलेलं डिझेल, म्हणजे आपोआप मिसळतं. दोन टाक्या चालवा. मग १० टक्के, आणखी दोन टाक्या. मग २०, आणि तिथेच थांबा. या काळात इंधनाचा काटा रोज बघा, कारण बायोडिझेल धुण्याचं काम करतं, पंधरा-वीस वर्षांचा टाकीच्या तळाचा गाळ सुटतो आणि फिल्टरमध्ये येतो. माझ्या गाडीत १० टक्क्यांवर गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रेशर निम्म्यावर आलं. फिल्टर उघडला तर कागद काळ्या चिकट राबाने माखलेला. काटा नसता तर घाटात गाडीचा दम गेला असता आणि मी नोझल उघडून बसलो असतो. दोन फिल्टर कायम गाडीत ठेवा, तिसऱ्या फिल्टरनंतर गाळ संपतो.

२० टक्क्यांवर ताकदीत फरक जाणवत नाही, ॲव्हरेज किंचित कमी येतं, कारण बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा आठेक टक्क्यांनी कमी. फायदा पंपाला. आजचं बीएस ६ डिझेल १० पीपीएम सल्फरचं आहे, सल्फर काढताना वंगणाचा गुणही कमी होतो, आणि जुन्या पंपाला दोन टक्के बायोडिझेलनेही तो परत मिळतो. माझ्या पंपाचा आवाज बदललेला माझ्या मेकॅनिकनेच आधी ओळखला.

थंडीचं लक्षात ठेवा. आपल्याकडचं बरंच तळणीचं तेल पामचं, आणि पामचं शुद्ध बायोडिझेल १३ ते १६ अंशांवरच गढूळ व्हायला लागतं. निफाडकडे जानेवारीत पहाटे पारा पाच-सहावर येतो. थंडीच्या दोन महिन्यांत मी १० टक्क्यांवर उतरतो. आणि साठवलेलं बायोडिझेल दोन-तीन महिन्यांत संपवा.

सरळ तेलावर चालवायचं असेल तर

कायद्याची बाजू आधी. काटे बसवल्याने आरसीवरचं काही बदलत नाही. दुसरी टाकी आणि दुसरं इंधन ही वेगळी गोष्ट, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका, करायचंच तर आधी आरटीओत लेखी विचारा. माझ्या चुलत भावाची एक ट्रॅक्स फक्त शेतात चालते, बागेतून क्रेट आणायला, हे सगळं आम्ही तिच्यावर केलं.

तत्त्व एवढंच की सुरू डिझेलवर, बंद डिझेलवर, मधे गरम तेलावर. तेल तापलं की घट्टपणा उतरतो. दुसरी टाकी स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमची, तिथून होज, मग हीटरच्या गरम पाण्यावर चालणारा प्लेट हीट एक्स्चेंजर, मग तेलाचा वेगळा गरम फिल्टर, मग व्हॉल्व. तांब्याची नळी गरम तेलात वापरू नका, तेल डिंकासारखं होतं. व्हॉल्व एक सहा तोंडांचा घेण्यापेक्षा तीन तोंडांचे दोन घ्या, एक सप्लायला आणि एक रिटर्नला, वेगवेगळ्या स्विचवर, रिले आणि फ्यूजसकट. कारण परत डिझेलवर येताना आधी सप्लाय बदलायचा, लाइनमधलं उरलेलं तेल वीस-तीस सेकंद तेलाच्याच टाकीत जाऊ द्यायचं, मग रिटर्न बदलायचा. एकदम बदललं तर डिझेलच्या टाकीत तेल जातं आणि काही दिवसांनी सकाळची स्टार्टिंग बिघडते.

तेल आधी ६० अंशांपर्यंत तापवून आठवडाभर स्थिर ठेवायचं, वरचं घ्यायचं, आधी ५ मायक्रॉन, मग १ मायक्रॉन. पाणी ७० अंशांवर गेल्याशिवाय तेलावर स्विच करायचं नाही, आणि इथे तो पातेल्यात तपासलेला काटा कामाला येतो. शेतातल्या छोट्या फेऱ्यांत पाणी ७० ला पोचायच्या आतच गाडी थांबते, त्यामुळे भावाची गाडी निम्म्याहून जास्त वेळ डिझेलवरच चालते. छोट्या फेऱ्या असतील तर या सगळ्या खटाटोपात अर्थ नाही, हे माझं स्पष्ट मत.

ऑइल निम्म्या अंतरात बदला. न जळलेलं तेल ऑइलमध्ये उतरून गुळाच्या पाकासारखं घट्ट होतं, आणि ते झालं तर इंजिन उघडण्याशिवाय इलाज नाही. दर आठवड्याला डिपस्टिकचा एक थेंब ब्लॉटिंग पेपरवर टाका. काळा ठिपका हळूहळू पसरून कडेला फिकट होत गेला तर ठीक. ठिपका मध्येच घट्ट, चकचकीत, धारदार कडेचा राहिला तर त्याच दिवशी ऑइल सोडा आणि तेलाची लाइन बंद करून महिनाभर डिझेलवर या. आयडलला गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर वहीतल्या आकड्यापेक्षा अचानक वर दिसायला लागलं तरी हेच करा, ऑइल घट्ट व्हायला लागल्याचं ते पहिलं लक्षण असतं.

भावाच्या गाडीत हे एकदा झालं, पावसाळ्यात, एका नोझलचं टोक राबाने अर्धं बंद झालं होतं. आयडलचं प्रेशर ०.८ चं १.३ झालेलं त्याने पाहिलं आणि मला फोन केला. ऑइल सोडलं, नोझल साफ करून टेस्टरवर लावली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत क्रेट वाहत होती.